मुलांना पानं मांडायला शिकवताना: चिंचोके, लाल दोरा आणि उलटं ताट

पाच वर्षांचं मूल सहा माणसांची पानं नीट मांडू शकतं. त्यासाठी दोन-तीन आठवडे रोजची पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्याच्या हातात मावतील अशी भांडी लागतात आणि मोठ्यांनी जरा दम धरावा लागतो. बहुतेक घरांत गाडी अडते ती एकाच ठिकाणी. मीठ कुठे, चटणी कुठे, वाटी कुठे हे मुलाकडून पाठ करून घेतलं जातं, पण ते तिथेच का, हे कुणी सांगत नाही. पाठ केलेलं चार दिवसांत विसरतं. ते 'का' एकदा हाताला कळलं, की डावी-उजवी बाजू चुकत नाही. पुढचे सगळे खेळ त्यासाठीच आहेत.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या भागातल्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. इथली मुलं घरात मराठी बोलतात, गल्लीत आणि शाळेत कन्नड ऐकतात, सकाळी भाकरी खातात आणि रात्री भात. सरकारी शाळेत जाणारी मुलं अक्षर दासोहच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या शालेय आहार योजनेच्या, जेवणाला रोज रांगेत बसतात, म्हणजे पंगत त्यांना ठाऊक असते. पण तिथे ताट हातात येतं. मांडायचं कसं, हे घरातच शिकवावं लागतं.

आधी एवढं जमवून ठेवा

- स्टीलची ताटं, ९ ते १० इंच व्यासाची, घरातल्या माणसांइतकी. १२-१३ इंची मोठं ताट लहान मुलाच्या छातीपासून हनुवटीपर्यंत येतं आणि त्याला पायाखालचं दिसत नाही.
- सपाट बुडाच्या वाट्या. गोल बुडाची वाटी ताटात डुगडुगते.
- स्टीलचे पेले आणि अर्ध्या लिटरचा एक तांब्या.
- बस्करं किंवा लांब सतरंजी.
- मूठभर चिंचोके.
- तीन पांढऱ्या कार्डशीट (सहा माणसांसाठी), स्केचपेनं, रुंद पारदर्शक चिकटपट्टी.
- लाल दोरा, खडू, दोन-चार रबरबँड.
- वाटीभर जोंधळे आणि एक परात.
- दोन सुती फडकी, एक भांडी पुसायला आणि एक जमीन पुसायला. दोन्हींचे रंग वेगळे घ्या, नाहीतर अदलाबदल ठरलेली.

खणांची ताटं शिकवण्यासाठी घेऊ नका. सोयीची असतात, पण कुठे काय ठेवायचं हे खणच ठरवून टाकतात. मुलाला विचार करायला काही उरत नाही.

१. भांडी मुलाच्या उंचीवर आणा

आपल्याकडची भिंतीवरची मांडणी मोठ्यांच्या खांद्याइतक्या उंचीवर असते. तिथून ताट काढायचं तर मूल स्टूल ओढतं, नाहीतर दर वेळी हाक मारतं. चार दिवसांनी ते हाक मारायचं सोडतं आणि तुम्हीही विसरता. म्हणून पहिल्याच दिवशी खालचा खण किंवा ओट्याखालचं कपाट रिकामं करा. सहा ताटं, आठ वाट्या, सहा पेले, चमच्यांचा एक डबा, एवढंच तिथे ठेवा. सुऱ्या, किसणी, काचेची भांडी त्या खणात नकोत.

वाट्या एकात एक घट्ट बसवून ठेवू नका. ओल्या वाट्या एकमेकींत अडकल्या की मोठ्यांनाही सुटत नाहीत आणि मूल त्या जमिनीवर आपटून सोडवायला बघतं. चार-चारचे दोन गठ्ठे करा.

इथला पहिला खेळ म्हणजे "न वाजणारं ताट". खणातून ताट काढून जेवायच्या जागी न्यायचं, खाली ठेवायचं आणि आवाज होऊ द्यायचा नाही. बाकीच्यांनी डोळे मिटून बसायचं. आवाज ऐकू आला की ताट परत खणात आणि पुन्हा सुरुवात. एका वेळी एकच ताट न्यायचं, दोन्ही हातांनी, कड पोटाला न टेकवता. ताट खाली ठेवताना आधी पलीकडची कड टेकवायची, मग बोटं हळूच काढून घ्यायची. ही बोटं काढून घेण्याची युक्ती सांगितल्याशिवाय बहुतेक मुलांना सुचत नाही. ती ताट वरूनच सोडतात आणि खणकन वाजतं.

२. आधी माणसं मोजा, मग ताटं

मुलाच्या हातात चिंचोके द्या. घरभर फिरून, जेवायला असलेल्या प्रत्येक माणसाच्या नावाने एक चिंचोका त्याने मुठीत घ्यायचा. आजी, आजोबा, आई, बाबा, ताई आणि तो स्वतः. लहान मुलं स्वतःला मोजायला हमखास विसरतात. मग जेवायच्या जागी येऊन एक चिंचोका ठेवायचा, त्याच्यावर एक ताट. चिंचोका उरला तर ताट कमी पडलं, ताट उरलं तर कुणाला तरी मोजायचं राहिलं. आकडे न येणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलालाही हे जमतं.

आकडे येणाऱ्या मुलासाठी मोजणी दोन भाषांत घ्या. ताटं मराठीत मोजायची, एक, दोन, तीन. वाट्या कन्नडमध्ये: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु. पेले पुन्हा मराठीत. शेजारचं कन्नड बोलणारं मूल जेवायला असेल तर उलटं करा. मिठाला उप्पु, पाण्याला नीरु, दह्याला मोसरु, भाकरीला रोट्टी हे शब्द या निमित्ताने तोंडात बसतात. डावी म्हणजे एड आणि उजवी म्हणजे बल, हे दोन शब्द मात्र जरा थांबून द्या. मराठीतली डावी-उजवी पक्की व्हायच्या आत नवे शब्द घातले की चारही शब्दांचा काला होतो.

३. जागा आखा

मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण दोन फूट रुंदी लागते. घरात दोन फुटी टाइल्स असतील तर काम सोपं: एका टाइलवर एक बस्कर, त्याच्यापुढच्या टाइलवर मधोमध ताट. एक फुटी फरशी असेल तर दोन फरश्या मिळून एक जागा. जुन्या शहाबादी फरशीचे तुकडे कमीजास्त मापाचे असतात, तिथे खडूने खुणा करा. मुलाची दोन पावलं पुढे-मागे लावली की साधारण एक फूट भरतं, म्हणजे चार पावलांवर एक खूण. पावलं मोजत खुणा करणं मुलांना एवढं आवडतं की गरज नसताना पण करतात. करू द्या.

भिंतीपासून बस्कराची मागची कड अर्धा फूट सुटू द्या. आजी-आजोबांची जागा भिंतीलगत हवी, टेकायला. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला खुर्ची आणि समोर स्टूल, हेही मांडणीचाच भाग आहे. "आज कुणाला खाली बसता येणार नाही?" हा प्रश्न मुलाने स्वतः विचारायची सवय लावा.

४. ताटातली डावी-उजवी

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. इथे एक आठवडा गेला तरी चालेल.

मांडणी अशी. ताटाच्या वरच्या कडेला मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, लोणचं, कोशिंबीर, आणि डावीकडे खाली पापड किंवा भजी. मिठाच्या उजवीकडे भाजी, दुसरी भाजी असेल तर तिच्याखाली, मग आमटीची वाटी. मधोमध, जेवणाऱ्याच्या बाजूला, भाकरी किंवा भात. घड्याळ वाचता येणाऱ्या मुलाला सोपी खूण द्या: बारावर मीठ, अकरावर लिंबू, दहावर चटणी, नवावर कोशिंबीर, आठावर पापड, दोनवर भाजी, तीनवर आमटी, सहावर भाकरी. घरोघर थोडा फरक असतो, तुमच्या घरी जशी रीत असेल तशीच शिकवा. पण एकदा ठरवलेली रीत महिनाभर बदलू नका.

मधली जागा मात्र तालुक्यागणिक बदलते. खानापूरकडे पावसाचा, भाताचा मुलूख, तिथे मधोमध भाताची मूद आणि तिच्यावर वरण. अथणी, रायबागकडे जोंधळ्याची भाकरी आधी येते आणि भात मागाहून. भाकरीच्या ताटात भातासाठी जागा राखून ठेवावी लागते, नाहीतर भात शेवटी चटणीवर पडतो. भाकरी दुमडून किंवा अर्धी करून डाव्या अंगाला सरकवायची, हे मुलाला करून दाखवा.

आता कारण. जेवणारा हात उजवा. ज्यात घास पुन्हा पुन्हा बुडवायचा, म्हणजे भाजी, कालवण, आमटी, ते त्या हाताजवळ. जे बोटाच्या टोकाने चाटायचं किंवा अधूनमधून घ्यायचं, ते पलीकडे. मीठ वर, ओल्या पदार्थांपासून लांब.

हे तोंडी सांगू नका, "उलटं ताट" करून खाऊ द्या. एका रात्री मुलाच्या ताटात मुद्दाम आमटीची वाटी डावीकडे आणि चटणी उजवीकडे ठेवा. पहिला घास वाटीत बुडवून तोंडाकडे नेताना आमटीचे थेंब भाकरीवर पडतील. तिसऱ्या घासापर्यंत भाकरीवर डावीकडून उजवीकडे ओल्या ठिपक्यांची एक तिरकी रेघ उमटते. ती रेघ मुलाला बोटाने दाखवा आणि वाटी उजवीकडे घेऊन पुन्हा खायला सांगा. एका जेवणात धडा पुरा होतो. (शाळेचा गणवेश अंगावर असताना हा प्रयोग नको.)

आता सगळ्यात मोठी चूक, जी जवळजवळ प्रत्येक घरात होते. मूल वाटी घेऊन स्वयंपाकघरातून येतं आणि ताटासमोर उकिडवं बसतं, तोंड जेवणाऱ्याच्या जागेकडे. हातातली वाटी ते स्वतःच्या उजव्या हाताला ठेवतं. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. पण जेवणारा पलीकडून बसतो, त्यामुळे वाटी त्याच्या डावीकडे जाते. तुम्ही म्हणता, "अरे, उजवीकडे सांगितलं ना!" मूल गोंधळतं, कारण त्याने उजवीकडेच ठेवलेली असते. अशी चार बोलणी खाल्ली की त्या कामातून त्याचं मन उडतं.

उपाय साधा आहे. पहिले पंधरा दिवस मुलाने प्रत्येक बस्करावर जाऊन स्वतः बसायचं, जेवणारा जसा बसेल तसं, आणि बसल्या जागेवरून मांडायचं. वेळ जास्त लागतो, पण चूक होत नाही. जोडीला डाव्या मनगटाला लाल दोरा बांधा आणि त्याला "चटणीचा हात" म्हणा. दोरा असलेला हात चटणीचा, मोकळा हात आमटीचा. दोन आठवड्यांनी दोरा काढा. त्यानंतर "आरशाचा खेळ" घ्या: मूल ताटाच्या समोरून मांडतं आणि मग पलीकडे जाऊन बसून तपासतं. समोरून मांडताना सगळं उलटं करावं लागतं हे त्याला स्वतःहून उमगलं, की ते पंगतीत वाढायला तयार झालं असं समजा.

डावखुऱ्या मुलाचं काय? घरात त्याचं स्वतःचं ताट त्याच्या हाताप्रमाणे मांडू द्या, वाटी डावीकडे. दुसऱ्यांची पानं मांडताना मात्र रीतीप्रमाणे. "तुझा हात उलटा" असं त्याला कुणी म्हणू नये, आजीनेही नाही.

५. कागदी पान

कार्डशीट २२ × २८ इंचांची मिळते. तिचे मधोमध दोन तुकडे केले की १४ × २२ इंचांची दोन पानं होतात. तुकडा आडवा ठेवून मधोमध ताट उपडं घालून पेन्सिलने गोल काढा. आत वाटीचा गोल, बाहेर पेल्याचा गोल. चटणीच्या जागी लाल ठिपका, मिठाच्या जागी पांढरं सोडून भोवती निळी रेघ, लिंबाच्या जागी पिवळी फोड. रंगवायचं काम मुलाचं. वरून चिकटपट्टीचे पट्टे एकमेकांवर जरा चढवून लावा आणि कडा मागे दुमडून चिकटवा. कडा उघड्या राहिल्या तर पहिल्याच पाणी सांडण्यात कागद फुगतो.

मागच्या बाजूला प्रत्येकाचं नाव लिहा, अर्ध्या भागात देवनागरीत आणि अर्ध्यात कन्नड लिपीत. पहिली-दुसरीतली मुलं दोन्ही लिप्या एकदम शिकत असतात. आजोबांचं नाव दोन्हींत ओळखून पान योग्य जागी नेणं हा वेगळा सराव होतो.

ही पानं आठ-दहा दिवस वापरा, मग रोज एक कमी करा. सहापैकी पाच माणसांची कागदावर आणि एकाचं बिनकागदाचं, दुसऱ्या दिवशी चार आणि दोन. ती कायमची ठेवलीत तर मूल आकृतीवर भांडी ठेवायला शिकतं, पानं मांडायला नाही.

कागद संपले की "तीन चुका" खेळा. एक ताट तुम्ही मांडायचं, त्यात तीन चुका करायच्या. लिंबू उजवीकडे, वाटी काठावर अर्धी बाहेर, पेला अगदी कोपराजवळ. मुलाने शोधायच्या. शोधून झाल्या की भूमिका बदला. मुलं तुमच्यासाठी चुका मांडतात तेव्हा त्यांना काय काय कळलंय ते नेमकं दिसतं.

६. पाणी

पेला कुठे? उजवा हात खरकटा असतो, म्हणून डाव्या हाताने उचलता येईल असा डावीकडे, ताटाच्या वरच्या बाजूला. काही घरांत उजवीकडे ठेवायची रीत आहे, तीही चालते. कोपर लागेल अशा जागी मात्र ठेवू नये.

ओतायला शिकवताना पाण्याने सुरुवात करू नका. परातीत पेला ठेवा, तांब्यात जोंधळे भरा आणि ओतू द्या. जोंधळे सांडले तर वेचता येतात आणि वेचण्यानेही बोटं तयार होतात. एक हात तांब्याच्या गळ्याला, दुसरा बुडाखाली. तांब्याची कड पेल्याच्या कडेच्या अगदी वर आणायची, पण टेकवायची नाही. चार-पाच दिवसांनी पाणी. अर्धा लिटर पाणी आणि स्टीलचा तांब्या मिळून पाऊण किलोच्या आसपास वजन होतं. चार वर्षांच्या मुलाला ते जड जातं, म्हणून आधी तांब्या अर्धाच भरा.

पेल्याला पाऊण उंचीवर रबरबँड लावा. पाणी तिथे पोचलं की थांबायचं. काठोकाठ भरलेला पेला उचलताना सांडतो, आणि सांडलं की ओरडा मुलाला बसतो. पाणी सगळ्यात शेवटी, माणसं बसायच्या जरा आधी ओता. आधी भरलेल्या पेल्यांमधून ताटं नेताना एक तरी पेला लाथाडला जातोच.

७. वाढू कधी द्यायचं

थोडक्यात वयाप्रमाणे: अडीच-तीन वर्षांचं मूल बस्करं आणि चमचे आणतं. चार-पाचचं ताट-वाटी मांडतं, मीठ आणि लिंबू वाढतं. सहा-सातचं पाणी, चटणी, कोशिंबीर, पापड. आठ-नऊचं भाकरी, दही, ताक, थंड भाजी. गरम आमटी, वरण, भाताचं पातेलं दहा वर्षांच्या आत नको, आणि नंतरही सुरुवातीला मोठं माणूस शेजारी हवं. भाकरी तव्यावरून थेट मुलाच्या हातात देऊ नये. बुट्टीत फडक्यात ठेवून वाफ जाऊ द्यावी, मग बुट्टी त्याच्याकडे.

प्रमाण आधी ठरवून द्या, कारण मुलं एक तर कणभर वाढतात किंवा ढीग घालतात. मीठ चिमूटभर. चटणी चहाचा एक चमचा. कोशिंबीर जेवणाचे दोन चमचे. लोणच्याची एकच फोड, खार निथळून. शेंगांची चटणी कोरडी असते. तिच्यात चमच्याच्या टोकाने खळगा करून त्यात तेल किंवा दही घालायचं काम मुलांना फार आवडतं आणि सुबक दिसतं. तेवढं त्यांच्याकडेच द्या.

सरावाला आधी खोटे पदार्थ घ्या: कणकेचे गोळे हळद, कुंकू, पालकाचा रस घालून रंगवायचे. पिवळं वरण, लाल चटणी, हिरवी भाजी. बाहुल्यांची किंवा गल्लीतल्या पोरांची पंगत बसवा. खेळ झाल्यावर ती कणीक गुराला घालू नका, कुंकू लावलेलं असतं.

तीन गोष्टी बिघडतात, त्या अशा:

ओलं ताट. धुतलेली ताटं तशीच मांडली की मीठ विरघळतं, पापड मऊ पडतो, आणि कडक भाकरी असेल तर तिचं चामडं होतं. ताट पुसणं हे मुलाचं पहिलं काम ठेवा, मधून कडेकडे, मग मागची बाजू.

वाटीत अंगठा. वाटी उचलताना मुलांचा अंगठा आत जातो. वाटी बाहेरून कडेखाली तीन बोटांनी धरायची. कोरड्या वाटीत पीठ भुरभुरून उचलायला द्या. अंगठ्याला पीठ लागलं की हरलात.

कलई नसलेलं पितळ. सणाला आजीच्या पितळी वाट्या बाहेर निघतात. कलई गेलेल्या पितळेत किंवा तांब्यात दही, ताक, लिंबू, कोशिंबीर ठेवलं की कळकतं आणि पोटाला बाधतं. मुलाला कलईची चंदेरी झिलई आणि उघडं पिवळं पितळ शेजारी ठेवून फरक दाखवा. शंका असेल तर आंबट पदार्थ स्टीलमध्ये. खानापूरच्या मातीच्या वाट्या घरात असतील तर दह्यासाठी त्या उत्तम. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाकडे द्यायला हरकत नाही. फुटणारी वस्तू हातात आली की चाल आपोआप संथ होते.

८. केळीचं पान आणि पत्रावळ

गौरी-गणपतीला, लग्नाकार्याला केळीची पानं येतात. पान जेवणाऱ्यापुढे आडवं, शेंडा त्याच्या डाव्या हाताला आणि रुंद बाजू उजवीकडे. इथेही तेच कारण: जिथे हात जास्त फिरतो, भात कालवायचा, तिथे जागा मोठी लागते. "चटणीचा हात" ओळखणारं मूल शेंडा चुकत नाही.

पान पुसताना मधल्या शिरेपासून कडेकडे पुसायचं, रेषांच्या दिशेने. कडेला समांतर जोर लावला की पान रेषेवर फाटतं आणि आमटी सतरंजीवर जाते. जाड दांडा मागून सुरीने मोठ्यांनी तासून द्यावा, नाहीतर पान सपाट बसत नाही. कापलेल्या पानाचा चीक कपड्यावर पडला तर काळपट डाग राहतो, धुऊन जात नाही. मुलांना जुने कपडे घाला, नवं परकर-पोलकं किंवा झब्बा पानं मांडून झाल्यावर.

पत्रावळीवर आधी पाणी शिंपडून पुसून घ्यायची. पातळ आमटी द्रोणात. द्रोण डुलतो, म्हणून त्याच्या बुडाखाली भाताची चार शितं दाबली की बसतो.

९. पहिली पंगत

घरात जमलं की आठ-दहा माणसांची पंगत एकदा मुलांकडे सोपवा. दोन रांगा समोरासमोर असतील तर एका रांगेची डावी ही वाढणाऱ्याची उजवी होते, म्हणून सुरुवातीला एका मुलाला एकच रांग द्या. पदार्थही एकेकाला एकेक: एकजण फक्त मीठ-लिंबू, एकजण चटणी, एकजण पाणी. वाढताना रांगेच्या समोरून चालायचं, कुणाच्या खांद्यावरून हात न्यायचा नाही. रांगोळी काढायची असेल तर ताट ठेवायच्या आधी आणि ताटापासून चार बोटं लांब. ताटाला चिकटून काढलेली रांगोळी जेवणात येते.

मुलग्यांनाही वाढायला लावा. पानं मांडणं पोरींचं आणि पोरांनी फक्त बसायचं, असं घरात दिसलं तर वर सांगितलेला एकही खेळ पोरं मनावर घेणार नाहीत, आणि पोरींवर अन्याय होतो तो वेगळाच. घरातल्या पुरुषांनी एकदा तरी मुलांसोबत पाणी वाढावं.

येळ अमावस्येला शेतात जेवायला जाता ना? खरी परीक्षा तिथे घ्या. फरशी नाही, जमीन खालीवर, आणि वारा. मुलांना आधी सपाट जागा शोधू द्या, खडे वेचू द्या, सतरंजीच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायला लावा. पत्रावळी मांडल्या की उडतात, म्हणून एकदम सगळ्या मांडायच्या नाहीत. माणूस बसला की त्याच्यापुढे पत्रावळ आणि लगेच तिच्यावर भाकरी. पाण्याचा पेला सतरंजीवर कलंडतो, तो बाजूला जमिनीत जरा रुतवून ठेवायचा. एवढं सांभाळलं की पोरं चटणी-मिठाची जागा आपोआप बरोबर ठेवतात. कुठे चुकलं तर तिथे, माणसांसमोर, दुरुस्त करू नका. घरातही हेच. मूल मांडून उठल्यावर त्याच्या देखत ताट सरकवलंत, तर दुसऱ्या दिवशी ते म्हणेल, "तूच मांड".

१०. टेबल असेल तर

रीत तीच, फक्त उंची बदलते. मुलाची छाती टेबलाच्या वर यायला हवी, नाहीतर पायाखाली रुंद, न हलणारा पाट द्या. ताटाची कड टेबलाच्या कडेपासून दोन बोटं आत. चमचा ताटाच्या उजवीकडे. काटा-सुरी मांडायची वेळ आलीच तर काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, धार ताटाकडे वळवून. टेबलावर कापड अंथरू नका, लहान मुलं ते ओढतात आणि आमटी अंगावर येते.

११. आवरणं

मांडणाऱ्यानेच आवरायचं, असा नियम करू नका, नाहीतर मांडायला कुणी येणार नाही. प्रत्येकाने आपापलं ताट उचलायचं. खरकटं एका पातेल्यात, लिंबाच्या साली आणि मिरचीची देठं वेगळी काढायची, उरलेलं गुराला किंवा खताच्या खड्ड्यात. केळीची पानं आणि पानांच्या पत्रावळी खड्ड्यातच, प्लास्टिकचा मुलामा असलेल्या मात्र नाही. ताटाखालची जमीन ओल्या फडक्याने पुसायची, मागे मागे सरकत, म्हणजे पुसलेल्यावर पाय पडत नाही.

भांडी धुऊन वाळली की मूल पुन्हा खालच्या खणाशी. आठ वाट्या, सहा पेले, सहा ताटं, ओंदु, एरडु म्हणत मोजून ठेवायची. एक वाटी कमी भरली तर ती बहुतेक दह्याच्या पातेल्यात असते, नाहीतर आजोबांच्या औषधाच्या टेबलावर. शोधून आणू द्या.